सारा, पट्टी आणि वर्गणी

श्रींच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे कार्य ग्रामस्थांच्या व देणगीदारांच्या सहकार्याने पूर्णत्वास गेले, ही सर्वांनाच आनंदाची गोष्ट होय. या कार्यासाठी घरोघर वर्गणी जमा झाली. कोणी रोख रक्कम दिली, कोणी धान्याचे पोते दिले, कोणी वाळूची खेप आणून टाकली, आणि ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नव्हते त्याने अंगमेहनत दिली. वर्गणीची पावती पुष्कळांनी देव्हाऱ्यात जपून ठेवली. त्याच घरातील शेतसाऱ्याची व घरपट्टीची पावती मात्र कोठेतरी तारेत खोचलेली असते, आणि ती घेताना घरधन्याच्या कपाळाला आठी पडलेली असते.

देवाला दिलेला रुपया पुण्याचा आणि सरकारला दिलेला रुपया पाण्यात, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. हे बोलणे कितपत खरे आहे? रयतेच्या कष्टाच्या पैशात वाटा मागण्याचा सरकारला हक्क काय? आणि तो वाटा न दिल्यास काय होईल? हे प्रश्न आजचे नाहीत. आपल्या या घाटावरच्या मुलखातील कुणब्याने ते गेली तीनचारशे वर्षे विचारले आहेत. कधी अर्ज करून विचारले, कधी गाव सोडून जाऊन विचारले, तर कधी सत्याग्रह करून विचारले. त्या इतिहासाची थोडक्यात ओळख मंदिराच्या या स्मरणिकेत करून देणे अप्रस्तुत ठरणार नाही. कारण देवळाचा आणि साऱ्याचा संबंध फार जुना आहे.

राजाचा सहावा भाग

जुन्या धर्मशास्त्रकारांनी राजाला पिकाचा साधारणपणे सहावा भाग सांगितला. परंतु तो फुकटचा नव्हे. राजाने चोर, दरोडेखोर व परचक्र यांपासून प्रजेचे रक्षण करावयाचे, न्याय द्यावयाचा आणि त्याबद्दल हा भाग घ्यावयाचा, असा तो व्यवहार होता. जो राजा भाग घेतो पण रक्षण करीत नाही, त्याला शास्त्रकारांनी पापाचा धनी म्हटले आहे. म्हणजे कर हा मोबदला आहे, खंडणी नव्हे, ही जाणीव आपल्याकडे प्राचीन काळापासून आहे.

ग्रंथातील वचन वेगळे आणि शिवारातील वहिवाट वेगळी. प्रत्यक्षात जो बळकट असेल तो वसूल करी. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) याने जमिनीचा कस पाहून धारा बसविण्याची पद्धत घातली. ती लोकांना इतकी सोयीची वाटली की 'मलिक अंबरी धारा' हे नाव पुढे पिढ्यान् पिढ्या टिकून राहिले.

छत्रपती शिवाजी महाराजांनी या कामास शिस्त आणली. अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली जमिनीची मोजणी झाली. पाच हात पाच मुठींची काठी आणि वीस काठ्यांचा बिघा, असे माप ठरले. पिकाच्या पाच वाट्यांपैकी तीन रयतेचे व दोन सरकारचे, असे प्रमाण सभासदाच्या बखरीत नोंदले आहे. आज पाचांतील दोन वाटे पुष्कळ वाटतील. परंतु त्यापूर्वी देशमुख, देशपांडे व इतर वतनदार आपल्या मर्जीने वरचेवर जे काढून नेत, त्यास आळा बसला. आपल्याला किती द्यावयाचे हे कुणब्याला आधी कळू लागले.

याहून मोठी गोष्ट दुसरी आहे. नव्याने येऊन वसणाऱ्या रयतेस बैल, बी आणि पोटास दाणा द्यावा, ते कर्ज हळूहळू ऐपतीप्रमाणे वसूल करावे, असा दंडक होता. १६७६ साली महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठविलेल्या पत्रात हेच सांगितले आहे. ज्याच्याजवळ बैल नाही त्याला बैलासाठी पैसा द्यावा, खावयास धान्य द्यावे आणि व्याज न घेता फक्त मुद्दल परत घ्यावे, असा त्या पत्राचा आशय आहे. पुढील काळात जिला 'तगाई' म्हणू लागले तिची ही जुनी पायवाट होय. सारा घेणाऱ्याने आधी देणारे व्हावे, ही त्यातील शिकवण आहे.

देवाचा दिवा कोणाच्या तेलावर?

आता देवळाकडे वळू. जुन्या काळी गावोगावच्या देवळांत नंदादीप, नैवेद्य व उत्सव यांचा खर्च कसा भागत असे? भाविकांची देणगी होतीच. परंतु पुष्कळ देवस्थानांना राजाकडून इनाम जमीन मिळालेली असे. इनाम म्हणजे काय? त्या जमिनीचा सारा सरकार घेणार नाही, तो देवाच्या दिवाबत्तीस लागेल, एवढाच त्याचा अर्थ. याचा सरळ हिशेब केला तर असे दिसते की, ज्या पैशावर सरकारचा हक्क होता तोच पैसा देवाला मिळत होता. देवापुढचा दिवा साऱ्याच्या तेलावर जळत होता!

इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने सनदा तपासल्या. कित्येकांची वैयक्तिक इनामे त्यात गेली. धार्मिक संस्थांची इनामे पुढे 'वर्ग ३' म्हणून ओळखली जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात वैयक्तिक इनामे, कुलकर्णी वतने व कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द झाली. परंतु देवस्थान इनामे त्या कायद्यांतून वगळली गेली. गावच्या दप्तरातील नमुना नंबर तीन, म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही, उघडली तर अशा जमिनी तेथे लिहिलेल्या आढळतात. तेव्हा सरकारी दप्तर आणि देवाचे देऊळ या दोन परक्या गोष्टी आहेत असे मानण्याचे कारण नाही.

यांशिवाय 'गावखर्च' नावाची बाब असे. पाटील-कुलकर्णी सरकारी साऱ्याबरोबर गावासाठी पट्टी बसवीत. त्यातून देवाचा उत्सव, गोसावी-फकिरांचा शिधा, वेशीची डागडुजी असे खर्च चालत. ही पट्टी गावानेच बसविलेली व गावातच खर्च होणारी. अर्थात तीतही लबाडी होई. लिहिणाऱ्याच्या हाती लेखणी आणि भरणाऱ्याला अक्षरओळख नाही, अशी स्थिती असल्यावर कुंपणानेच शेत खाल्ल्यास नवल नाही.

मक्त्याचा काळ

पेशवाईत कारभार वाढला, मोहिमा वाढल्या, तसा खर्चही वाढला. नियमित साऱ्याखेरीज जास्ती पट्टी, घासदाणा, कारागिरांवरील मोहतर्फा, लग्नटका, पाटदाम अशा नाना बाबी रयतेच्या मागे होत्या. येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. स्वराज्याबाहेरील मुलखातून घेतलेली चौथाई आपल्याला पराक्रमाची खूण वाटते. परंतु १७४२ पासून बंगालवर झालेल्या स्वाऱ्यांची आठवण तिकडच्या आयाबायांनी अंगाईगीतात ठेवली, ती भीतीची आठवण म्हणून. रक्षण न करता घेतलेला पैसा घेणारा कोणीही असो, देणाऱ्याला तो लुटीसारखाच वाटतो.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महालांची वसुली मक्त्याने देण्याची चाल फोफावली. जो जास्त रक्कम कबूल करील त्याला मामलत! मक्तेदाराला एकदोन वर्षांत आपली रक्कम व वर नफा काढावयाचा असे. पुढच्या वर्षी गाव ओस पडले तरी त्याला त्याचे काय? पूर्वीचा कमावीसदार निदान गाव वसते ठेवण्याची काळजी घेई. मक्तेदाराला तीही उरली नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा नव्या अंमलदारांना कित्येक गावी पडीक जमिनी आणि कर्जबाजारी कुणबी आढळले.

साखळी आणि आणेवारी

इंग्रजांनी आरंभी जुन्या कागदांवरील मोठमोठे आकडे धरून सारा मागितला. त्यातच धान्याचे भाव उतरले. पुढे प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात मोजणी करून, खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरविला. १८३० च्या सुमारास तो लागू झाला. कागदावर हिशेब चोख होता. परंतु मोजणीत चुका होत्या, हाताखालच्या लोकांनी पैसे खाल्ले होते, आणि आकार रयतेला झेपणारा नव्हता. लोक शेते टाकून चालते झाले. कुणब्याजवळ तलवार नव्हती, पण नांगर खांद्यावर टाकून परमुलखात जाण्याची वाट होती. रिकाम्या शिवारावर कोणते सरकार सारा बसविणार?

या अनुभवाने शहाणे होऊन गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट या दोघांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात नवी पाहणी केली. सिद्धांत बाजूस ठेवून त्यांनी शेताची माती, तिची खोली, तिचा रंग पाहिला. त्यावरून जमिनीचे वर्ग पाडले व आण्यांत प्रतवारी ठरविली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला. सारा पूर्वीपेक्षा हलका केला आणि तो ३० वर्षे वाढणार नाही असे आश्वासन दिले. मुदतीत विहीर पाडली, बांध घातले, तरी त्याबद्दल वाढीव आकार नव्हता. शेत नको असल्यास राजीनामा द्यावा, हवे असल्यास कबुलायत लिहून द्यावी, अशी मोकळीक होती.

परिणाम असा झाला की पडीक जमिनी पुन्हा लागवडीस आल्या. सारा कमी केल्याने सरकारचे नुकसान न होता वसुली सुधारली. आज आपण ३३ फुटी साखळी, ४० गुंठ्यांचा एकर आणि सर्व्हे नंबर या भाषेत जमिनीचा व्यवहार बोलतो. ते सारे याच पाहणीच्या वंशातील आहे. मोजून घेतलेला, आधी सांगून घेतलेला आणि झेपेल इतकाच घेतलेला कर लोक देतात, हे इंदापूरने दाखवून दिले.

परंतु तीस वर्षे संपली आणि सरकारचा हात पुन्हा सैल सुटला. मध्यंतरी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या तेजीच्या दिवसांत फेरजमाबंदी होऊन सारा बराच वाढविण्यात आला. युद्ध संपले, भाव कोसळले, सारा मात्र वाढलेलाच राहिला. सारा रोख भरावयाचा व ठराविक तारखेला भरावयाचा. पीक आले नाही तर सावकाराचे दार गाठावयाचे. सावकाराच्या वहीवर अंगठा उठला की शेत हळूहळू हातचे जावयाचे.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजाराच्या दिवशी लोकांचा संयम सुटला. सावकारांची दुकाने फोडली गेली, कर्जाच्या वह्या व खते जाळली गेली. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. चौकशीसाठी कमिशन बसले, आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. दंग्याला सारा हे एकमेव कारण नव्हते. परंतु ऐपत न पाहता, हंगाम न पाहता मागितलेला सारा माणसाला सावकाराच्या दारात कसा उभा करतो, याचा तो धडा होता. साऱ्याच्या वाढीवर पुढे सरकारला स्वतःच मर्यादा घालावी लागली.

पैसा जातो कोठे?

इतके दिवस प्रश्न होता 'किती घेता?' हा. महात्मा जोतीराव फुले यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला, 'कोणाकडून घेता आणि कोणावर खर्च करता?'

१८६० च्या दशकापासून मुंबई इलाख्यात साऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' म्हणून घेतला जाऊ लागला. तो रस्ते आणि शाळा यांसाठी होता. हेतू चांगला. परंतु शाळा किती गावांत निघाल्या? आणि निघाल्या तेथे कुणब्यांची, माळ्यांची, महार-मांगांची किती मुले बसली? १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी हेच मांडले. सरकारचे उत्पन्न मुख्यतः रयतेच्या घामातून येते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, तो प्राथमिक शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्याच वर्षी, १८८३ मध्ये, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शेतकऱ्यावरील सारा, पट्ट्या व दस्तुऱ्या यांचा पाढा वाचला.

जोतीरावांनी कर नकोच असे म्हटले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. रयतेच्या पैशाने रयतेच्या मुलांना शाळा मिळावी, एवढीच त्यांची मागणी होती. खरे पाहता करासंबंधीचा याहून मोठा कसोटीचा दगड आजवर कोणी दिलेला नाही.

'देणार नाही' म्हणण्याचा हक्क

१८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांमार्फत रयतेला एक साधी गोष्ट समजावून दिली. दुष्काळात सारा तहकूब किंवा माफ करण्याचे नियम सरकारनेच केले आहेत. पीक बुडाले असेल तर घरदार विकून सारा भरू नका, सरकारकडे नियमाप्रमाणे सूट मागा. कायदा हा केवळ सरकारच्या हातातील दंडुका नसून रयतेच्या हातातील काठीही आहे, हे त्यामुळे लोकांना कळले.

१९२८ साली गुजरातेत बारडोली तालुक्यात सारा २२ टक्के वाढविण्यात आला. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सारा भरण्याचे नाकारले. जप्त्या आल्या, गुरे नेली, तरी लोक हटले नाहीत. शेवटी चौकशी झाली आणि वाढ सुमारे ६ टक्केच योग्य ठरली. म्हणजे लोकांची तक्रार खरी होती. दोन वर्षांनी, १९३० साली, गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. आपल्या कोकणात शिरोडे येथेही त्याच वर्षी मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला. श्रीमंताला आणि भिकाऱ्याला सारखाच बसणारा, अन्नातल्या मिठावरचा तो कर १९४७ मध्ये उठविण्यात आला.

या सर्व लढ्यांचे सूत्र एकच आहे. बारडोलीच्या शेतकऱ्यांनीही चौकशी मागितली, न्याय्य ठरेल तो सारा देऊ असे म्हटले. न विचारता, न मोजता घेतलेल्या कराला त्यांचा विरोध होता.

घटनेतील दोन कलमे

स्वातंत्र्य मिळाले आणि १९५० साली राज्यघटना अमलात आली. तिच्यातील दोन कलमे या विषयाच्या दृष्टीने प्रत्येक ग्रामस्थाने लक्षात ठेवावीत.

एक २६५ वे. कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसविता येणार नाही व वसूल करता येणार नाही, असे ते सांगते. कायदा लोकांनी निवडलेले प्रतिनिधी करतात. म्हणजे कोणा मामलेदाराच्या, मक्तेदाराच्या किंवा मंत्र्याच्या लहरीने पट्टी बसविण्याचे दिवस गेले.

दुसरे २७ वे. एखाद्या विशिष्ट धर्माच्या वाढीसाठी ज्याचे उत्पन्न खास राखून ठेवले आहे, असा कर देण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, असे ते सांगते. जीर्णोद्धारासाठी पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरावे लागले, त्याचे एक कारण येथे आहे. देवळासाठी कर बसवून लोकांकडून पैसा घेणे आपल्या राज्यात बसत नाही. आणि तेच योग्य आहे. देवाच्या कार्यात सक्ती आली की भाव गेला.

मग रस्ता, पाणी, शाळा, दवाखाना यांसाठीही वर्गणीच का काढू नये? सक्तीचा कर कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधण्याची गरज नाही. ते १९७२ च्या दुष्काळाने आपल्याला दिले आहे.

बहात्तरचा दुष्काळ

१९७२ साली पावसाने दगा दिला. त्याआधीची एकदोन वर्षेही अनेक भागांत ओढीचीच होती. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने गेली, ज्वारी दिसेना. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना खडी फोडण्याचे काम, परदेशातून आलेली तांबडी मिलो आणि लहान मुलांना वाटली जाणारी सुकडी अजून आठवते. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. १८७६-७७ च्या दुष्काळात माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली होती. १९७२ मध्ये हाल अतोनात झाले, परंतु तसा संहार झाला नाही.

त्या वेळी प्रत्येक गावाने आपापली वर्गणी काढून निभावावे असे ठरले असते तर काय झाले असते? ज्या गावात दाणा नाही त्या गावात वर्गणी कोण देणार? दुष्काळात सर्वांचेच हात एकदम रिकामे होतात. तेव्हा जेथे पाऊस पडला आहे, जेथे कारखाने चालू आहेत, जेथे महिन्याला पगार होतो, तेथून पैसा यावा लागतो. तो दरसाल नेमाने यावा लागतो. कोणाच्या मनात दया उत्पन्न होईपर्यंत भुकेलेला मनुष्य थांबू शकत नाही.

ज्येष्ठ गांधीवादी कार्यकर्ते व विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ मध्येच गावातील गरजूंना काम देण्याचा प्रयोग करून पाहिला होता. 'मागेल त्याला काम' ही कल्पना त्यातून पुढे आली. परंतु त्यासाठी पैसा? महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याकडून रोजगार हमीसाठी हा कर घेतला जाऊ लागला, बागायत जमिनीवरही खास आकारणी झाली, आणि जमलेल्या रकमेइतकीच भर सरकारने आपल्याकडून घालावी असे ठरले. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम द्यावयाचे, न दिल्यास बेकार भत्ता द्यावयाचा, असा हक्क मजुराला मिळाला. पुढे २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव सर्वांपुढे होता.

देवळासाठी मुंबई-पुण्याच्या गाववाल्यांनी मोठ्या मनाने देणग्या दिल्या, त्यांची नावे यथायोग्य छापली जातील. परंतु मुंबईच्या गिरणीतील, कचेरीतील, दुकानातील कितीतरी अनोळखी लोकांनी दर महिन्याच्या पगारातून व्यवसाय कर दिला, आणि त्यावर महाराष्ट्रात गावोगाव पाझर तलाव, नालाबांध व रस्ते झाले. त्या पाझर तलावाखालच्या विहिरींना पाणी आले. त्या देणाऱ्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. त्यांतील बहुतेकांनी ते गाव उभ्या जन्मात पाहिलेलेही नाही. कर म्हणजे न पाहिलेल्या माणसासाठी दिलेली वर्गणी होय. ती ठरवून व सर्वांकडून घ्यावी लागते, म्हणूनच तिला सक्ती असते.

आजचे आक्षेप

याचा अर्थ सर्व आलबेल आहे असा नव्हे. रोजगार हमीच्या कामांवरही खोट्या हजेरीपटांच्या तक्रारी झाल्या. रस्त्याचे डांबर पहिल्या पावसात वाहून जाते, नळ आहे पण पाणी नाही, अशी उदाहरणे लोक देतात व ती खोटी नसतात. 'आमचा पैसा खाल्ला जातो, मग आम्ही का भरावा?' हा आक्षेप वजनदार आहे. परंतु त्याचे उत्तर पट्टी न भरण्यात नाही. घरपट्टी-पाणीपट्टी थकली की पंपाचे वीजबिल थकते, वीज तुटते, आणि हंडा घेऊन रानोमाळ फिरण्याची पाळी पट्टी भरणाऱ्याच्या व न भरणाऱ्याच्याही घरातील बायकांवर सारखीच येते. ज्याने पैसा खाल्ला त्याचे त्यात काहीच बिघडत नाही.

दुसरा एक गैरसमज आहे. 'आम्ही शेतकरी, गरीब माणसे, आम्ही कुठे कर भरतो?' असे काही जण म्हणतात. शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा प्राप्तिकर नाही आणि शेतसारा आता नाममात्र उरला आहे, हे खरे. परंतु साबणाची वडी, बिस्किटाचा पुडा, मोबाईलचे रिचार्ज घेणारा प्रत्येक मनुष्य कर भरीतच असतो. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकातही त्याच दिवशी गेली, तरी किमतीत मिसळलेला कर आहेच. मोलमजुरी करणारी बाईही तो देते. मिठावरील कराबद्दल जे म्हटले गेले ते येथेही थोडेफार लागू पडते. खरेदीवरचा कर श्रीमंत-गरीब पाहत नाही. म्हणूनच ज्याची मिळकत मोठी त्याच्याकडून अधिक घ्यावे, गरजेच्या वस्तूंवर कमी घ्यावे, ही मागणी योग्य आहे. आणि जी मजूर बाई कर देते, तिला गावच्या कारभाराचा जाब विचारण्याचा अधिकार बागायतदाराइतकाच आहे.

वर्गणीपासून घेण्याचा धडा

कर न्याय्य आहे की नाही, या प्रश्नाचे इतिहासाने दिलेले उत्तर असे आहे. कर आवश्यक आहे, यात संशय नाही. परंतु तो आपोआप न्याय्य ठरत नाही. तो मोजून घेतला पाहिजे, ऐपत पाहून घेतला पाहिजे, लोकांच्या संमतीच्या कायद्याने घेतला पाहिजे, अडचणीत सूट दिली पाहिजे, आणि शेवटी त्याचा हिशेब दिला पाहिजे. शिवकालीन काठी, इंदापूरची प्रतवारी, जोतीरावांचे निवेदन, बारडोलीची चौकशी आणि रोजगार हमीचा कायदा ही याच वाटेवरील मैलाचे दगड आहेत. यांतील एकही गोष्ट रयतेने विचारल्याशिवाय, सोसल्याशिवाय किंवा भांडल्याशिवाय मिळालेली नाही.

हिशेबाच्या बाबतीत देवळाची वर्गणी करापेक्षा पुढे आहे. कोणी किती दिले, दगडाला किती लागले, गवंड्याला किती दिले, हे दहा जणांसमोर वाचले जाते. पाचामुखी परमेश्वर म्हणतात तो असा. कोणी शंका काढली तर वही उघडून दाखविली जाते. ग्रामपंचायतीचा जमाखर्चही ग्रामसभेपुढे मांडावयाचा असतो. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने ग्रामसभा आपल्याला दिली, आणि १९९३ पासून तिला घटनेचे बळ मिळाले. परंतु भजनाला जितकी माणसे जमतात त्याच्या चौथाईनेही ग्रामसभेस जमत नाहीत. मग पैसा कोठे गेला असे विचारणार कोण?

मंदिराच्या वर्गणीचा हिशेब ज्या दक्षतेने पाहिला जातो, त्याच दक्षतेने गावपट्टीचा हिशेब पाहिला गेला, आणि देवाला देताना मन जितके मोकळे असते त्याच्या निम्म्याने तरी गावाच्या पाण्यासाठी व शाळेसाठी देताना राहिले, तर जीर्णोद्धार केवळ देवळाचा न राहता गावाचा होईल. नव्या कळसाखाली उभे राहून गावाने एवढा संकल्प करावा. श्रींच्या कृपेने तो सिद्धीस जावो, हीच प्रार्थना.